मनाचा झोका

झोक्यावर बसलं की कधी वर, कधी खाली! आपलं मनही तसंच. पण काहींचा हा झोका फारच उंच जातो. झोप नको, बोलणं थांबत नाही, पैसे भराभर उडतात. मग तोच झोका खाली आला, की कित्येक दिवस अंथरुणातून उठवत नाही. या आजाराला ‘बायपोलर’ म्हणतात.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ के रेडफिल्ड जेमिसन यांनी १९९० मध्ये एका सहकाऱ्यासोबत याच आजारावर डॉक्टरांसाठी जाडजूड ग्रंथ लिहिला. पण त्यांना स्वतःलाच तो आजार आहे, हे जगाला कुठे ठाऊक होतं? लिथियमच्या गोळ्या थांबवल्या की आजार उलटायचा. लोक काय म्हणतील, ही धास्ती त्यांनाही होतीच. तरी १९९५ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून सारं सांगून टाकलं!

एक बोलला की दुसऱ्याला धीर येतो. म्हणूनच स्वमदत गट असतात. तिथे हाच आजार असलेली माणसं एकमेकांना सांगतात, “अरे, मलाही असंच झालं होतं!” औषधं चालूच ठेवायची; पण एकटेपणा मात्र इथे कमी होतो.

तुमच्या घरी कुणाला हा आजार असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही बरं का! कुणाला ‘वेडा’ म्हणून चिडवू नका. भीती वाटली तर आई-बाबांशी, बाईंशी बोला. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. सांगाल ना?