सामाजी हसाजी दिवेकर हे नाव कुठलं?

परवा गेवराईत आमच्याकडे जुना 'बूट पॉलिश' (1954) लागला होता. त्यातले जॉनचाचा, म्हणजे नट डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. भाचीने विचारलं, "डेव्हिड आणि चेऊलकर? हे कसं काय?"

माझा आवडता विषय!

ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आडनाव गावावरून: चौलचे चेऊलकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर. नाव मात्र हिब्रू. डेव्हिड म्हणजे लाडका, अब्राहम म्हणजे अनेकांचा पिता.

मला खरी गोडी वाटते ती जुन्या पिढ्यांच्या नावांची. हिब्रू नाव मराठी तोंडात रुळलं आणि त्याला आपला 'जी' लागला. अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी, सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी. इझिकेल म्हणजे 'देव बळ देतो'.

मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी! सिनेगॉगचं नाव 'शआर हारहमीम', म्हणजे दयेचं दार.

कवी निसीम इझिकेलही याच समाजातले. निसीम म्हणजे चमत्कार. किती सुंदर नाव!

तुमच्या ओळखीत असं एखादं नाव असेल तर खाली लिहा. अर्थ माहीत असेल तर नक्की सांगेन.