एकट्याची स्वारी, क्लबची शिस्त

हैदराबादेहून बीदर वा श्रीशैलमकडे मोटारसायकलवर वर्षानुवर्षे एकट्याने जाणारा क्लबात आला, की प्रथम त्याला आपला वेग आवरावा लागतो. येथे पहिली गाडी रस्त्याच्या आपल्या पट्ट्यात उजवीकडे, दुसरी किंचित मागे डावीकडे, तिसरी पुन्हा उजवीकडे धावते. त्यामुळे अचानक खड्डा आल्यास बाजूला व्हायला जागा राहते. आपल्याच रेषेतील पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर हवे. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते सुमारे ३३ मीटर भरते. वळणावर मात्र एकेरी रांग. २०१८ साली जय भारती यांच्यासह हैदराबादच्या चार महिलांनी सहा देशांतून सुमारे १७,००० किलोमीटर प्रवास केला, तो एकमेकींच्या सोबतीने. एकट्याला पुढचा रस्ता पाहून भागते. क्लबात आरशातला मागचा दिवाही पाहावा लागतो. तो दिसेनासा झाला, की आपण थांबायचे.