भिजलेला फोन आणि तांदळाचा डबा

फोन भिजला की हात आधी तांदळाच्या डब्याकडे जातो. तो आवरा. तांदूळ फोनच्या आतलं पाणी ओढून घेत नाही. उलट त्याची पूड चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसते. ॲपलनेही आयफोन तांदळात ठेवू नका, असंच बजावलं आहे. ओल्या खाचेत चार्जर लावला की विजेमुळे तिथल्या बारीक पिना गंजतात, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तर फारच लवकर. म्हणून फोन बंद करा, खाच खाली धरून तळहातावर हलकेच आपटा आणि पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. हेअर ड्रायर नकोच. त्याच्या उष्णतेने बॅटरीला इजा होते. फोन पाणी रोखणाऱ्या ‘आयपी ६८’ दर्जाचा असला, तरी वापराने त्याचं सील सैल पडतं. पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लांबच ठेवा.