काडेपेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब

दोडामार्गच्या बाजारात सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे जा आणि फूटभर व्हॉल्व्ह ट्यूब मागा. तो आधी विचारील, "सायकल खंय हा?" सायकल नाही, प्रयोग करायचा आहे, असे सांगितलेत की तो तुमच्याकडे जरा संशयाने पाहील, पण नळी देईल. जुन्या पद्धतीच्या सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती ही रबराची बारीक नळी. तिच्या छिद्रात काडेपेटीची काडी अगदी घट्ट बसते. गुलाचे टोक ब्लेडने खरवडून टाका, नळीचा दीड सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसा. झाला सांधा! तो हवा तसा वाकतोही.

ही युक्ती ज्यांनी भारतभर पोहोचवली त्या अरविंद गुप्ता यांची ओळख मी आज तुम्हांला करून देणार आहे. ते मूळचे उत्तर प्रदेशातील बरेलीचे, पण त्यांचे बरेचसे काम पुण्यात झाले. त्यांचे आईवडील शाळेत गेलेले नव्हते. तरीही मुलांनी शिकावे हा आईचा आग्रह होता आणि मुलगा कानपूरच्या आय. आय. टी.त विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेला. तेथे भोजनगृहात काम करणाऱ्यांच्या मुलांना आवारातील शाळेत प्रवेश नव्हता. त्या मुलांना शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये गुप्ता होते. म्हणजे शिकवण्याची सुरुवात अभियंता होण्याच्या आधीची आहे, हे ध्यानात ठेवा.

1972 साली तेथे डॉ. अनिल सद्गोपाल यांचे व्याख्यान झाले. हे रेणवीय जीवशास्त्राचे संशोधक. परदेशातून पीएच. डी. करून आलेले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नोकरी सोडून मध्य प्रदेशातील खेड्यात कामाला गेलेले. त्याच वर्षी होशंगाबाद जिल्ह्यातील (आताचे नाव नर्मदापुरम) 16 माध्यमिक शाळांत एक नवा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला होता. पाठ्यपुस्तक पाठ करण्याऐवजी मुलांनी प्रयोग करायचे, निरीक्षणे लिहायची आणि निष्कर्षही स्वतःच काढायचे. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा होती! शिक्षकांनाही विद्यार्थ्यांप्रमाणे बसून तेच प्रयोग करावे लागत आणि त्यांच्याबरोबर संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ बसत. हा कार्यक्रम पुढे बऱ्याच शाळांत पसरला आणि 2002 साली शासनाने तो बंद केला. का बंद केला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला त्याचे अजून वाईट वाटते.

गुप्ता पदवी घेऊन पुण्याला टेल्को कारखान्यात रुजू झाले. पगार चांगला होता, पण ट्रक बनवण्यात मन रमेना. 1978 साली त्यांनी वर्षभराची रजा काढली आणि होशंगाबाद गाठले. तेथे आठवड्याच्या बाजारात फिरून ते बांगड्या, बटणे, असल्या स्वस्त वस्तू गोळा करीत. त्यातच ही व्हॉल्व्ह ट्यूब सापडली. रजेचा उरलेला काळ त्यांनी केरळात लॉरी बेकर या वास्तुशिल्पज्ञांबरोबर घालवला. स्थानिक सामानातून कमी खर्चाची घरे बांधणारे हे बेकर. नंतर काही काळाने गुप्ता यांनी टेल्कोची नोकरी कायमची सोडली.

आता आपल्या काड्यांकडे वळू. तीन काड्या तीन सांध्यांनी जोडून त्रिकोण करा आणि दाबा. त्याचा आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच तिरका होतो. कारण उघड आहे. तिन्ही बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात, चौकोनाचे ठरत नाहीत. आपल्या कौलारू घरात झोपल्या झोपल्या आढ्याकडे पाहा. छपराचा भार पेलणारी कैची त्रिकोणांची असते. विजेच्या तारांचे मनोरे पाहा, तेथेही तेच. ही गोष्ट मी महाविद्यालयात फळ्यावर आकृत्या काढून कित्येक वर्षे सांगत होतो. बोटांना ती कळते, हे मला फार उशिरा कळले.

तीनपेक्षा जास्त काड्या एकत्र आणायच्या तर नळीच्या तुकड्याला आडवे छिद्र पाडून त्यातून दुसरा तुकडा ओवतात. छिद्र पाडायला गुप्ता बाभळीचा काटा वापरतात. आमच्याकडे बाभूळ शोधत फिरण्यापेक्षा करवंदीचा काटा बरा. तेवढ्यावर चतुष्फलक, घन, अगदी वीस त्रिकोणांचा गोलसर घुमटही होतो. 1987 साली त्यांचे काड्यांच्या नमुन्यांचे पुस्तक निघाले आणि अनेक भारतीय भाषांत त्याची भाषांतरे झाली.

त्यांच्या प्रेरणांपैकी एक गोष्ट मला विशेष वाटते. दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांतील शाळा उद्ध्वस्त झाल्या, प्रयोगशाळा उरल्या नाहीत. अशा देशांतील विज्ञान शिक्षकांसाठी युनेस्कोने 1948 साली एक पुस्तक काढले. लंडनच्या शाळेतील जे. पी. स्टीफन्सन या शिक्षकांनी ते लिहिले होते. हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून उपकरणे कशी करावीत, हे त्यात होते. आमच्याकडे युद्ध झाले नाही. पण मला ठाऊक असलेल्या एका शाळेत उपकरणांचे कपाट वर्षभर कुलपात असते. काच फुटली तर भरपाई कोणी करायची, ही भीती. मग प्रयोग फळ्यावरच होतो.

म्हणून मागे तालुक्यातील काही शिक्षकांपुढे मी गुप्ता यांनी लोकप्रिय केलेली साधी मोटार घेऊन गेलो. दीड व्होल्टचा मोठा सेल, त्याच्या दोन टोकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलवर ठेवलेले चकतीसारखे चुंबक, आणि इनॅमलचा थर असलेल्या तांब्याच्या तारेचे दहा वेढ्यांचे वेटोळे. वेटोळ्याची दोन टोके पिनांच्या भोकांत अडकवायची. मी घाईत दोन्ही टोके चारी बाजूंनी खरवडून स्वच्छ केली. वेटोळे डोलले, मागे आले, पुन्हा डोलले आणि थांबले. वीस शिक्षक पाहत होते. मी चुंबक बदलले, सेल बदलला. घाम फुटला.

मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारले, "सर, अर्धा फेरा तर ते बरोबर जाते. मग परत का येते?"

प्रश्नातच उत्तर होते. वेटोळे अर्धी फेरी फिरले की त्याच्या बाजूंची अदलाबदल होते आणि तोच प्रवाह त्याला उलट दिशेने ढकलू लागतो. म्हणून एक टोक पूर्ण खरवडायचे, दुसरे मात्र अर्ध्याच बाजूने. मग अर्ध्या फेरीत धक्का मिळतो, उरलेल्या अर्ध्या फेरीत प्रवाहच बंद आणि वेटोळे जडत्वाने पुढे सरकते. बाईंनी नवी तार घेतली, टोके स्वतः खरवडली, बोटाने हलकेच ढकलले आणि वेटोळे भिरभिरू लागले. इतक्या वर्षांत फ्लेमिंगचा नियम मी शेकडो वेळा शिकवला असेन, पण तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. (तुम्ही करून पाहाल तेव्हा अडलेले वेटोळे पिनांवर तसेच ठेवू नका, तार आणि सेल तापतात.)

2003 साली गुप्ता पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून ही वास्तू उभी राहिली. तेथे सुमारे अकरा वर्षे त्यांनी शाळकरी मुले आणि शिक्षक यांच्यासाठी टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली, त्यांच्या चित्रफिती केल्या आणि मुलांची पुस्तके, मराठीसुद्धा, विनामूल्य वाचायला खुली केली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

जाता जाता एक काम देतो. बारा काड्यांचा घन करा. तो कोसळेल. कमीत कमी किती तिरक्या काड्या घातल्या की तो ताठ उभा राहील? काडेपेटीची काडी तिरकी पुरणार नाही, कारण तिरकी बाजू सरळ बाजूच्या सुमारे 1.41 पट लागते. तेव्हा खराट्यातला एक हीर ओढून मापाने कापा. घरी ओरडा बसला तर मात्र माझे नाव सांगू नका.