कोंब दिसला म्हणजे मूळव्याधच का?

रस्त्यालगतच्या भिंतींवर आणि एस.टी. स्थानकांच्या आवारात रंगवलेल्या पाट्यांवर 'मूळव्याध, फिशर, भगंदर' ही तीन नावे बहुधा एका दमात लिहिलेली आढळतात. वाचणाऱ्याला वाटते, एकाच रोगाची ही तीन रूपे असावीत. वस्तुतः हे तीन निराळे आजार आहेत. त्यांचा उगम निराळा, वेदना निराळी आणि उपचारही निराळा. तरीही गुदद्वाराशी जे काही होईल त्याला आपल्याकडे एकच नाव दिले जाते. रक्त दिसले, मूळव्याध. ठणका लागला, मूळव्याध. हाताला कोंब लागला, तर मग शंकाच नको.

शब्दाचा हा सैलपणा निरुपद्रवी नाही. चीर पडलेल्या सुनेला महिनोन्‌महिने मूळव्याधीचे चूर्ण दिले जाते. गळू पिकत असलेला मधुमेही गृहस्थ मलम लावून दुकानात बसून राहतो. आणि साठी ओलांडलेल्या आजोबांच्या आतड्यातील गाठीतून येणारे रक्त 'जुनी मूळव्याध उसळली' या एका वाक्याने झाकले जाते. पहिल्या दोघांना सोसावे लागते ते वेदनेचे. तिसऱ्याचा मात्र प्राणांशी खेळ होतो. म्हणून जे दिसते ते नीट पाहावे कसे आणि नुसत्या पाहण्याची मर्यादा कोठे संपते, हे घरातील जाणत्या माणसांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

गुदमार्गाच्या आत सुमारे दोन सेंटिमीटरवर एक दंतुर रेषा असते. या रेषेच्या वरचे अस्तर आतड्याचे असते. कापल्या-टोचल्याची जाणीव त्याला जवळजवळ नसते. रेषेखालचा भाग मात्र त्वचेचा असून कमालीचा संवेदनशील असतो. एवढी एक गोष्ट ध्यानी ठेवली, तर निम्मे कोडे सुटते. रेषेच्या वरची मूळव्याध रक्त देते, पण सहसा दुखत नाही. रेषेखालची चीर रक्त थोडेच देते, पण जीव नकोसा करते. 'मला फार दुखते, म्हणजे माझी मूळव्याध मोठी असणार' असे म्हणणाऱ्या रुग्णाला बहुतेक वेळा मूळव्याध नसतेच.

मूळव्याध हा बाहेरून उगवलेला कोंबही नव्हे. गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्या आणि मऊ उतींच्या गाद्या प्रत्येक निरोगी माणसाला जन्मतः असतात. मार्ग घट्ट मिटण्यास त्यांचे साहाय्य होते. 1975 साली ब्रिटिश शल्यविशारद डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन यांनी हे विशद केले आणि मूळव्याध म्हणजे या गाद्यांचे आधार सैल होऊन त्या खाली घसरणे, ही समजूत वैद्यकात रूढ झाली. वर्षानुवर्षे कुंथण्याने, शौचकूपात मोबाइल घेऊन बसून राहण्याने आणि गर्भारपणातील दाबाने हे आधार ढिले पडतात.

घसरण किती, त्यावरून चार पायऱ्या मानतात. पहिलीत बाहेर काहीच दिसत नाही. शौचाच्या शेवटी लालभडक रक्ताचे थेंब पडतात किंवा चिळकांडी उडते, एवढेच. दुसरीत कुंथताना कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटाने आत ढकलावा लागतो, तर चौथीत ढकलूनही आत राहत नाही. बाहेर आलेला हा कोंब ओलसर, गुलाबी ते जांभळट आणि स्पर्शाला मऊ असतो. अनेक कोंब असले, तर त्यांच्यामध्ये उभ्या खाचा दिसतात, जणू पाकळ्या एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. ही खूण महत्त्वाची आहे, कारण वृद्ध स्त्रियांमध्ये विशेषतः आढळणारे गुदभ्रंश नावाचे एक दुखणे याच्याशी हमखास गल्लत करते. त्यात आतड्याचा शेवटचा भागच बाहेर येतो आणि त्यावर उभ्या खाचांऐवजी एकात एक बसवलेल्या बांगड्यांसारख्या गोल वळ्या दिसतात. त्याला मूळव्याधीचे औषध देऊन काहीही साधत नाही.

एका रात्रीत उगवलेली, काळपट निळी, टपोऱ्या जांभळासारखी दिसणारी ताणलेली गाठ ही आणखी निराळी. गुदद्वाराच्या कडेला त्वचेखालील शिरेत रक्त गोठल्याने ती येते. ओझे उचलल्यावर, जोराने कुंथल्यावर किंवा लांबचा प्रवास बसून केल्यावर ती अचानक उपटते. पहिले दोन-तीन दिवस बसणेही अशक्य होते. त्यानंतर ठणका आपोआप ओसरू लागतो आणि काही आठवड्यांत गाठ विरते. ती काढायची असेल, तर लाभ पहिल्या 3 दिवसांतच असतो. पुढे कोमट पाण्याचा शेक आणि धीर हेच पुरतात. गाठ विरल्यावर त्या जागी त्वचेची सैल, सुरकुतलेली झालर उरते. ती त्वचेच्याच रंगाची असते, दुखत नाही आणि रक्तही देत नाही. कित्येक जण या झालरीलाच मूळव्याध समजून आयुष्यभर काळजी वाहतात.

आता चीर, म्हणजे ज्याला फिशर म्हणतात ते. कठीण मल उतरताना त्वचा फाटते. शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखी कळ येते आणि ती शौचानंतरही तासन्‌तास राहते, कारण द्वार आवळून धरणारा स्नायू आखडून बसतो. रक्त येते ते कागदावर किंवा मलावर एखाद्या रेघेएवढे. त्वचा हलकेच बाजूला केली, तर मागच्या बाजूस, बरोबर मधोमध, एक उभी फाट दिसते. स्त्रियांमध्ये, विशेषतः बाळंतपणानंतर, ती पुढच्या बाजूसही असू शकते. चीर जुनी झाली की तिच्या बाहेरच्या टोकाशी त्वचेचा एक लहान कोंब तयार होतो. वैद्यकात त्याला पहारेकऱ्याची उपमा दिलेली आहे, आणि ती समर्पक आहे, कारण तो आत चीर असल्याची वर्दी देतो. पण रुग्णाच्या बोटाला चीर लागत नाही, कोंब लागतो, आणि निदान घरच्या घरी होऊन जाते. चीर मधोमध नसून कडेला असेल, एकाहून अधिक असतील किंवा दुखतच नसेल, तर क्षयरोग किंवा आतड्याच्या दाहाचे आजार यांचा शोध घ्यावा लागतो. तेव्हा घरगुती उपायांत दिवस दवडू नयेत.

तान्ह्या मुलांनाही चीर पडते. ते शौचाला घाबरतात, रोखून धरतात, मल अधिकच कठीण होतो आणि चक्र सुरू राहते. लहान मुलाला मात्र वेदना न होता वारंवार ताजे रक्त पडत असेल, किंवा शौचाच्या वेळी पिकल्या चेरीसारखा एकुलता लाल गोळा बाहेर डोकावून जात असेल, तर तो आतड्यातील देठ असलेला पॉलिप असण्याचा संभव मोठा. लहान मुलांत खरी मूळव्याध अत्यंत विरळा. आणि मूल रात्री तेथे सारखे खाजवत असेल, तर दिवा लावून पाहावे. पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक जंत दिसले की प्रश्न मिटला.

गळू ओळखणे तुलनेने सोपे आहे. गुदद्वाराच्या शेजारी लाल, गरम, टणक सूज येते. ठणका शौचाशी निगडित नसून अहोरात्र असतो आणि पुष्कळदा थंडी वाजून ताप भरतो. खोल असलेल्या गळवात बाहेरून काहीच दिसत नाही. केवळ ताप आणि बसता न येणारा ठणका असतो. यास चूर्ण, मलम, किंबहुना एकट्या प्रतिजैविकांच्या गोळ्याही पुरत नाहीत. पू चिरून बाहेर काढावा लागतो आणि मधुमेही रुग्णाने तर एक दिवसही थांबू नये. अशा गळवांपैकी सुमारे तिसरा हिस्सा ते निम्मी पुढे भगंदरात परिणत होतात. द्वारापासून काही अंतरावर पुटकुळीसारखे छोटे तोंड उरते, त्यातून अधूनमधून पू किंवा रक्तमिश्रित पाणी येऊन कपड्यांना डाग पडतात, तोंड मिटले की सूज येते, फुटले की बरे वाटते. गुदमार्गाच्या आतून बाहेरच्या त्वचेपर्यंत गेलेला तो एक बोगदा असतो. वरवर मलम लावून बोगदा बुजत नाही. शस्त्रक्रिया किंवा क्षारसूत्र हेच त्याचे उपाय होत. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे लेप चढवलेल्या या दोऱ्याची प्राचीन पद्धत बनारस हिंदू विद्यापीठातील वैद्यांनी विसाव्या शतकात पुन्हा प्रचारात आणली. मात्र तो दोरा प्रशिक्षित शल्यवैद्याच्याच हातचा असावा, भिंतीवरच्या पाटीवाल्याच्या नव्हे.

इतके सारे वाचून कोणी आरसा घेऊन बसेल, तर त्यात वावगे काही नाही. पण भ्रमणध्वनीवर टिपलेले छायाचित्र नातलगांच्या समूहात फिरवून निदान मागण्याची नवी रीत धोक्याची आहे. कारण जे सर्वांत भयंकर, ते बहुधा बाहेरून दिसतच नाही. गुदद्वाराच्या कडेचा कर्करोग कधी कठीण, उंचावलेल्या कडांच्या, न भरणाऱ्या व्रणासारखा दिसतो. फुलकोबीसारख्या खरखरीत चामखिळी विषाणूमुळे येतात आणि त्याही दाखवून घ्याव्यात. मलाशयातील गाठ मात्र आत असते. एखाद्याला खरोखर मूळव्याध असते आणि वर गाठही असते. कोंब दिसतो, त्यामुळे सारे रक्त त्याच्याच नावे मांडले जाते. सुश्रुताने अर्शाचे सहा प्रकार सांगितले आणि ते पाहण्यासाठी गाईच्या सडाच्या आकाराचे, चार अंगुळे लांबीचे नळीयंत्रही वर्णिले. बाहेरून पाहणे पुरेसे नाही, हे त्या काळच्या वैद्यालाही ठाऊक होते.

म्हणून रक्ताचा रंग पाहावा. लालभडक, मलापासून वेगळे, शेवटी पडणारे रक्त बहुधा खालचे असते. मलात कालवलेले, गडद, शेंबडासारख्या स्रावासह येणारे रक्त वरचे. डांबरासारखा काळा, चिकट, दुर्गंधीयुक्त मल जठराकडून आलेले रक्त सुचवतो. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, हे आधी आठवावे. (बीट खाऊन लाल मल झाल्याने घाबरण्याचा प्रसंग कंदमूळ वर्ज्य असणाऱ्या घरांत येत नाही, एवढा एक लाभ.) शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, जाऊन आल्यावरही पोट साफ झाले नाही असे वाटत राहत असेल, वजन घटत असेल, रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी निघाले असेल, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, किंवा वय पंचेचाळिशीपुढचे असेल, तर कोंब दिसो वा न दिसो, आतून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावीच.

या दुखण्यांचा व्रतांशीही थोडा संबंध येतो. चौविहारात सूर्यास्तानंतर पाणी नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही, आयंबिलात तूप-तेल नाही आणि अठ्ठाईच्या पारण्यानंतर पहिला मल दगडासारखा. पर्युषणानंतर चिरेचा त्रास वाढला, तर नवल नको. याचा अर्थ व्रत सोडावे असा नाही. पाणी दिवसाच्या तासांत मोजून प्यावे, दुपारपर्यंत निम्मे संपलेले असावे. कोंडा न चाळलेल्या पिठाची पोळी, ज्वारीची भाकरी, सालीसकट मूग आणि चवळी यांतून चोथा मिळतो. इसबगोल अनेक घरांत 'झोपताना' म्हणून ठेवलेला असतो. चौविहार पाळणाऱ्याने तो सूर्यास्ताच्या बराच आधी, पेलाभर पाण्यासह घ्यावा आणि वर आणखी पाणी प्यावे. अपुऱ्या पाण्यावर घेतलेला इसबगोल फुगून अडकतो आणि जे टाळायचे तेच घडवतो. चीर पडलेली असेल, तर शौचानंतर दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसल्याने आखडलेला स्नायू सैल होतो. नव्या चिरेपैकी बऱ्याचशा एवढ्यानेच काही आठवड्यांत भरून येतात.

तपासणीची भीती आजारापेक्षा मोठी असते, विशेषतः स्त्रियांमध्ये. प्रत्यक्षात रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात, आवश्यक तेवढाच भाग उघडा ठेवतात, पाहतात, हातमोजा घातलेल्या बोटाने तपासतात आणि लागल्यास छोटी नळी घालून आत पाहतात. काही मिनिटांचे काम. चिरेचा ठणका तीव्र असेल, तर समजदार डॉक्टर त्या दिवशी बोटही घालत नाहीत. स्त्री डॉक्टर हव्या असतील, तर तसे आधी विचारावे. सोबत सासू वा बहीण असू द्यावी. मोठ्या आतड्याची दुर्बीण-तपासणी ठरली, तर पोट साफ करणारे औषध पुष्कळ पाण्यासह आदल्या रात्री आणि पहाटे प्यावे लागते. रात्री पाणी न घेणाऱ्यांनी ही अडचण वेळ ठरवतानाच सांगावी. दुपारची वेळ मिळाली, तर सगळे औषध त्याच दिवशी सकाळी घेऊनही ही तपासणी अनेकदा करता येते.