हावडा पुलाचा हिशेब

कोलकात्याचा हावडा पूल ३ फेब्रुवारी १९४३ रोजी वाहतुकीस खुला झाला, तेव्हा ना समारंभ झाला ना भाषणे. युद्धाचे सावट शहरावर होते. अशा रीतीने मुकाट्याने सुरू झालेल्या या पुलाने आज आठ दशकांहून अधिक काळ हुगळीच्या दोन्ही तीरांचे अर्थजीवन जोडून धरले आहे.

त्यापूर्वी १८७४ पासून तेथे तरंगता पूल होता. जहाजांना वाट देण्यासाठी तो मधून उघडावा लागे आणि तेवढा वेळ हावडा स्थानकाची सारी वाहतूक तिष्ठत राही. नव्या पुलाला नदीपात्रात एकही खांब ठेवला नाही. कारण खांबांमुळे गाळ साचून बंदराचे नुकसान होण्याची भीती होती. त्याला लागलेल्या सुमारे २६,५०० टन पोलादापैकी २३,००० टन टाटांच्या कारखान्याने पुरविले. एतद्देशीय उद्योगाची ती कसोटीच होती, आणि तो तीत उतरला.

१९४६ च्या गणनेत रोज २७,४०० वाहने आणि १,२१,१०० पादचारी या पुलावरून जात. डोईवर ओझे घेतलेला हमाल, मल्लिक घाटावरचा फुलविक्रेता, उपनगरातून येणारा कारकून, यांपैकी कोणाकडूनही पूल पथकर घेत नाही. १९९२ साली खुला झालेल्या विद्यासागर सेतूवर मात्र वाहनांना पथकर लावण्यात आला.

तथापि विनामूल्य म्हणजे विनाखर्च नव्हे. देखभालीचा भार बंदर प्रशासनाकडे आहे. नुसत्या पानाच्या पिचकाऱ्यांनी खांबांच्या तळाची पोलादी आवरणे झिजली आणि २०१३ च्या सुमारास तेथे फायबरग्लासची आवरणे बसवावी लागली. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, या वृत्तीची किंमत अशी चुकवावी लागते.

मग खर्च कोणी सोसावा? याचे एक शहाणे उत्तर कोलकात्यातच आहे. तेथील मालमत्ताकरात ‘हावडा पूल कर’ ही स्वतंत्र बाब दीर्घकाळ राहिली आहे. पुलाचा लाभ केवळ ओलांडणाऱ्याला होत नाही. त्यामुळे जागांचे मोल वाढते, दुकाने चालतात. तेव्हा हमालाच्या पायांवर कर बसविण्यापेक्षा वाढलेल्या मालमत्तेवर बसविणे अधिक न्याय्य होय.

अर्थात कर वसूल होणे आणि त्याचा पैसा वेळेवर रंगरंगोटीस, तपासणीस लागणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि प्रवाशांसह वाहने वाहून गेली. महाराष्ट्राला तो धडा फार महागात पडला. नव्या पुलाच्या उद्घाटनाला पुढारी येतात. जुन्या पुलाच्या गंजाला मात्र कोणी हार घालीत नाही. म्हणूनच अंदाजपत्रकात जुन्या पुलांच्या देखभालीची तरतूद ही उरल्यासुरल्या पैशांतून नव्हे, तर प्रथम हक्काने व्हावयास हवी. पादचाऱ्याने पुलावर टाकलेल्या विश्वासाची तेवढी परतफेड शासनाने केलीच पाहिजे.