कुमार गटाची कुस्ती स्पर्धा आणि कुटुंब

महाराष्ट्रातील गावोगावच्या जत्रेत भरणारे कुस्त्यांचे मैदान बहुतेकांच्या परिचयाचे असते. लाल मातीचा हौदा, हलगीचा कडकडाट, फेटे बांधलेले पंच आणि भोवताली दाटीवाटीने बसलेले प्रेक्षक असे ते दृश्य होय. तेथे जाणती माणसे मुलांची अंगकाठी पाहून जोड लावतात. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली होते. तालुका, जिल्हा, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर भरणारी कुमार गटाची स्पर्धा मात्र निराळी असते. ती प्रायः मॅटवर होते. तिथे वय कागदावर आणि वजन काट्यावर तपासले जाते, तर जोड सोडतीने ठरते. अशा स्पर्धेला प्रथमच येणाऱ्या कुटुंबाला तिची रीत ठाऊक असेल, तर मुलाला खरा आधार देता येतो.

पहिली कसोटी वयाची असते. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. कुस्ती महासंघाच्या स्पर्धांत पंधरा, सतरा आणि वीस वर्षांखालील गट आढळतात. त्यामुळे जन्मदाखला, आधारपत्र, शाळेचे प्रमाणपत्र आणि छायाचित्रे एका पिशवीत नीट ठेवणे हे घरच्यांचे पहिले काम होय. वय कमी दाखवून मुलाला लहान गटात उतरवण्याचा मोह काहींना होतो. त्यात लहान मुलांना इजा होण्याचा धोका असतो आणि आपल्या मुलाचे भवितव्यही पणाला लागते. बनावट जन्मदाखल्यांच्या कारणावरून २०२५ साली भारतीय कुस्ती महासंघाने काही मल्लांना निलंबित केले होते.

दुसरी कसोटी वजनाची आणि तीच सर्वांत महत्त्वाची. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सतरा वर्षांखालील मुलांच्या फ्रीस्टाइल कुस्तीत ४८, ५१, ५५, ६० आणि ६५ किलो यांसारखे वजनगट असतात. वजन सामान्यतः सकाळी घेतले जाते. त्याच वेळी वैद्यकीय तपासणीही होते. नखे वाढलेली असल्यास कापावी लागतात आणि गजकर्णासारखा संसर्गजन्य त्वचारोग आढळल्यास खेळण्यास मनाई होऊ शकते. म्हणून मुलाचे टॉवेल आणि कपडे स्वतंत्र ठेवावेत, सरावानंतर लगेच स्नान करण्याची सवय लावावी.

खालच्या गटात कुस्ती सोपी जाईल या समजुतीने काही मुले आदल्या दिवशी अन्नपाणी सोडतात, जाड कपडे घालून धावतात किंवा थुंकून थुंकून वजन उतरवतात. एका रात्रीत उतरलेले हे वजन चरबीचे नसते, ते मुख्यतः शरीरातील पाण्याचे असते. पाणी घटले की रक्ताचे प्रमाण कमी होते, हृदयावर ताण येतो, शरीराचे तापमान वाढते आणि स्नायू लवकर थकतात. अमेरिकेत १९९७ साली अशाच प्रयत्नात तीन महाविद्यालयीन मल्ल सुमारे महिनाभरात मृत्यू पावले. त्यानंतर तेथील नियम कडक करण्यात आले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वजन १०० ग्रॅम अधिक भरले आणि ती अपात्र ठरली. तिच्यासोबत जाणत्या तज्ज्ञांचा ताफा होता. वाढत्या वयाच्या मुलामागे असा ताफा नसतो, त्याचे घर असते. म्हणून मुलाचे नेहमीचे, नीट जेवून भरणारे वजन ज्या गटात बसते तोच त्याचा गट, हे कुटुंबाने वस्तादांशी बोलून आधीच ठरवावे. ‘पोराला उपाशी ठेवू नका’ असे म्हणण्याचा अधिकार आईवडिलांना आहे आणि तो त्यांनी संकोच न करता वापरावा.

वजनानंतर सोडत निघते आणि मग प्रतीक्षा सुरू होते. या वयोगटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती एवढीच कुस्तीची मुदत असते. वीस वर्षांखालील गटात फेरी तीन मिनिटांची होते. या काही मिनिटांसाठी रात्रभर प्रवास करून दिवसभर सभागृहात बसावे लागते. कोणाची पाळी केव्हा येईल याचा नेम नसतो. अशा वेळी पाणी, केळी, भाकरी किंवा पोळीभाजी असे नेहमीचे हलके अन्न जवळ असावे. अनोळखी पावडरी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेतलेली औषधे टाळावीत, कारण त्यांत बंदी असलेले घटक असू शकतात. मुलगी स्पर्धेला जात असेल, तर संघासोबत महिला मार्गदर्शक आहे का आणि निवासाची सोय कोठे आहे, याची चौकशी आधीच करावी.

सामना पाहताना काही नियम ठाऊक असावेत. एका मल्लाचा पोशाख लाल तर दुसऱ्याचा निळा असतो. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकलल्यास एक गुण, खाली घेऊन ताबा मिळवल्यास दोन गुण आणि मोठ्या फेकीला चार किंवा पाच गुण मिळतात. दोन्ही खांदे मॅटला टेकले की प्रतिस्पर्धी चीतपट होऊन सामना तेथेच संपतो. फ्रीस्टाइलमध्ये दहा आणि ग्रीको-रोमनमध्ये आठ गुणांची आघाडी मिळाली तरीही सामना थांबतो. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड करता येत नाही. मुलींच्या कुस्त्या फ्रीस्टाइल प्रकारातच होतात. गुण समान झाले तरी सामना बरोबरीत सुटत नाही. अधिक मोलाचा डाव, कमी ताकिदी आणि शेवटचा गुण यांचा क्रमाने विचार करून विजेता ठरतो.

सामन्यावर तीन पंच देखरेख करतात. निर्णयाला हरकत घेण्याचा मार्ग मार्गदर्शकासाठी असतो. ती हरकत फेटाळली गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. पालकांनी मॅटकडे धावून जाणे किंवा पंचांशी वाद घालणे नियमात बसत नाही आणि त्याने मुलाचे मन अधिकच विचलित होते. मुलगा डोक्यावर आपटला, गोंधळल्यासारखा दिसला किंवा त्याला मळमळू लागले, तर मात्र त्याला पुन्हा खेळू न देता डॉक्टरांकडे न्यावे. तेथे पदकाचा विचार करू नये.

पराभवाची तयारी हाही कुटुंबाच्या तयारीचा भाग होय. बाद पद्धतीच्या गटात सोळा मल्ल उतरले, तर पंधरा जण कधी ना कधी हरतात. नियमानुसार भरणाऱ्या स्पर्धांत अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते. त्यामुळे हरल्याबरोबर सामान बांधून निघू नये. मुलाला पाणी द्यावे, त्याचे अंग गरम ठेवावे आणि पुढची फेरी पाहावी. त्या वेळी डावातील चुका मोजत बसू नये. ते काम वस्ताद दुसऱ्या दिवशी तालमीत करतील. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. मॅटवरील कुस्तीचा त्यांना तेव्हा फारसा सराव नव्हता. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. पहिल्या अपयशाने त्यांचा सराव थांबला असता, तर हे पदक मिळाले नसते.

मुलाला डाव शिकवणे हे वस्तादांचे काम आणि निकाल देणे हे पंचांचे. घरच्यांकडे उरते ते खरे वय सांगणे, पोटभर जेवू घालणे, शांतपणे वाट पाहणे आणि जिंकलेल्या-हरलेल्या मुलाला सारख्याच मायेने घरी घेऊन येणे. ही कामे लहान दिसतात. पण ज्या घरात ती नीट पार पडतात, तेथील मुलगा वा मुलगी आनंदाने पुन्हा तालमीत जाते. पदक त्यांच्यापैकी थोड्यांनाच मिळते. निरोगी शरीर आणि हार पचवण्याचे बळ मात्र प्रत्येकाला मिळू शकते.